भवानीचं गिऱ्हाईक

चि. ज्ञानेश्वरी,

तुझ्यावर लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. परवानगी मागत नाही, कारण मागितली तर तू म्हणणार, "काकू, माझ्यावर काय लिहायचं? मी काय केलंय?" हाच तुझा दोष. बारा वर्षं एका शाळेत शिकवलंस, पण एकदाही मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभी राहून "मला कायम कधी करणार?" असं विचारलं नाहीस. मी असते तर रोज विचारलं असतं, आणि बहुधा पहिल्याच वर्षी घरी बसले असते. ते जाऊ दे.

आता तू गप्प बस. तुला ठाऊक असलेलं तुलाच सांगत बसायला मला वेळ नाही. वाचणाऱ्यांना तू कोण ते माहीत नाही, तेव्हा मी त्यांच्याशी बोलते. कुठे चुकलं तर कुंपणावरून हाक मारून सांग. तुझ्या सासूला मात्र सांगायला लावू नकोस, तिची हाक मला औषधाच्या दुकानापर्यंत ऐकू येते.

तर ही ज्ञानेश्वरी. रत्नागिरीच्या मुरुगवाड्यात माझ्या घरापासून दोन घरं सोडून राहते. माहेर बुरोंडीचं. वडील होडीवर तांडेल, म्हणजे होडी चालवणारे मुख्य, आणि आई मासे विकणारी. लहानपणी शाळेआधी आईच्या पाटीशी बसून मगच वर्गात जायची, त्यामुळे वर्गात हिच्याशेजारी बसायला मुली नाक मुरडायच्या. त्याच मुली परीक्षेच्या आदल्या दिवशी गणितं विचारायला हिच्या घरी यायच्या, तेव्हा वास कुठे जायचा कोण जाणे. दापोलीला कॉलेज केलंन, गणितात बी.एस्सी. झाली, बी.एड. झाली आणि लग्न होऊन आमच्याकडे ठमाबाईची सून म्हणून आली.

ठमाबाईही मासेवालीच. मिरकरवाड्याच्या जेटीवर लिलावात माल घ्यायचा, थोडा बाजारात बसून विकायचा, उरलेला पाटीत घेऊन दारोदार. सत्तरी जवळ आली तरी चालूच. मुलगा रितेश मुंबईत लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर, नालासोपाऱ्याला खोली. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढाच त्याचा मुक्काम. आमच्या वाडीत निम्मे नवरे असेच आहेत, त्यात कोणाला काही वाटत नाही. मुलगी नेत्रा तेव्हा सहावीत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेत मुलं कमी झाली म्हणून एक तुकडी बंद झाली. तुकडीबरोबर तासांवर शिकवणारी ज्ञानेश्वरीही बंद झाली. बारा वर्षांनंतर निरोप कोणी दिला? शिपायाने. "बाई, सोमवारपासून यायचं नाही म्हणून सांगितलंनी." ती त्याला "बरं" म्हणाली आणि वरून "चहा घेऊन जा" म्हणाली. मला हे कळलं तेव्हा मी तिला जे बोलले ते इथे लिहीत नाही.

रितेशचा फोन आला. "आता तिकडे काय ठेवलंय? जूनच्या आत इकडे या. नेत्राची शाळा बघून ठेवतो. नाक्यावर क्लासवाले आहेत, ते तुला घेतील."

"आणि आई?"

"आईला पण आण."

ठमाबाई शेजारीच होती. फोन स्पीकरवर नव्हता, तरी तिला ऐकू गेलं. "मी नालासोपाऱ्याला येऊन काय करू रे मेल्या? चौथ्या मजल्यावर बसून कोणाला हाका मारू?"

ठमाबाई जाणार नव्हती आणि ज्ञानेश्वरीला तिला एकटी टाकायचं नव्हतं. मला वाटायचं हिचं सासूवर फार प्रेम आहे. तसं काही नाही, दोघी रोज भांडतात. पण हिला जायचंच नव्हतं. मला एकदा म्हणाली, "काकू, मला माणसं आणि समुद्र दोन्ही हाकेच्या अंतरावर लागतात. तिथे हाक मारली तर वॉचमन वर येतो."

शेवटी रितेशने सोडवणूक केलीन, म्हणजे त्याला तसं वाटलं. "घरबसल्या पुऱ्या पगाराची नोकरी मिळव. जूनच्या आत मिळाली तर राहा. नाहीतर बॅगा भर." मिळणार नाही याची त्याला खात्री होती. वाईट माणूस नव्हे तो. बायको-मुलीजवळ राहावं असं वाटणारा माणूस वाईट कसा असेल? पण खात्री होती.

हिने मोबाईलवर शोधून काढलंन. पुण्याची एक कंपनी ऑनलाईन शिकवते, तिला गणिताचे शिक्षक हवे होते. महाराष्ट्रातल्या नववी-दहावीच्या मुलांना संध्याकाळी शिकवायचं. अर्ज गेला, आणि आठवड्याने बोलावणं आलं: व्हिडिओवर इंटरव्ह्यू, त्यातच नमुन्याचा तास.

मग माझं घर ही शाळा झाली. माझ्याकडे वायर टाकलेलं इंटरनेट आहे, लॅपटॉप आहे आणि मुख्य म्हणजे मी आहे. मीही बी.एस्सी., एकाहत्तर सालची, आणि भूमिती मी विसरलेले नाही. दुपारी जेवणं झाली की ती यायची, मी दहावीची विद्यार्थिनी व्हायचे. स्पर्शिका, वर्तुळकंस, चक्रीय चौकोन. मी मुद्दाम वाकडे प्रश्न विचारायचे.

"काकू, दहावीचं पोर इतकं भांडत नाही."

"मग पोरांचं काहीतरी चुकतंय."

ठमाबाईने आपल्या परीने तयारी केली. इंटरव्ह्यूच्या दिवशी आमच्या गल्लीत कोणी ओरडायचं नाही, असं तिने सगळ्या मासेवाल्यांना बजावलंन. कुल्फीवाल्याला घंटा वाजवली तर घंटा समुद्रात टाकीन म्हणून सांगितलंन. आणि स्वतः रिकामी पाटी उपडी घालून माझ्या पायरीवर पहाऱ्याला बसली.

पडद्यावर दोघं आली. एक अक्षया म्हणून, तिशीच्या आतली, चटपटीत. दुसरा सर्वेश, तो तोंड उघडत नव्हता, नुसता टिपून घेत होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी वालाच्या शेंगा सोलत बसले. मी ऐकत नव्हते असं म्हणणार नाही. ऐकायलाच बसले होते.

"ज्ञानेश्वरी मॅम, रत्नागिरी म्हणजे आंबे ना?" अक्षया म्हणाली.

"आंबे बागायतदारांचे. आमचे मासे."

शाब्बास, मी मनात म्हटलं. आवाज कापत नव्हता. साडीसुद्धा माझ्या पसंतीची नेसली होती.

दोन-चार प्रश्न झाले. मग अक्षया म्हणाली, "मॅम, एक सांगायचं होतं. नववी-दहावीच्या जागा भरल्या. पण आमच्याकडे अमेरिकेतली मराठी मुलं आहेत, तिसरी-चौथीची. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ. सहा ते दहा, आठवड्याचे सहा दिवस. चालेल तुम्हाला?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. आता ही म्हणेल, घरी विचारून सांगते. निदान म्हणेल, विचार करते.

"चालेल," ती म्हणाली. श्वाससुद्धा घेतला नाही मध्ये.

मी दाण्यांचं भांडं जरा आपटलंच.

"मग तिसरीचाच तास घ्या ना," अक्षया म्हणाली. "मी आठ वर्षांची रिया. मला अपूर्णांक शिकवा." आणि ती बाई क्षणात खांदे पाडून, ओठ काढून बसली. "टीचर, मला कंटाळा आलाय."

"मला पण," ज्ञानेश्वरी म्हणाली. "भूक लागलीय का तुला?"

"हो."

"मग ही सुरमई घे, एवढी मोठी. घरात माणसं चार. काप आणि वाढ सगळ्यांना."

"कापली. चार पीस."

"डोक्याकडचा कोणाला दिलास?"

"बाबांना."

"आणि शेपटी?"

"... मला."

"मग बाबा आणि तू सारखं जेवलात?"

"नाही! मला कमी मिळालं!"

"बघ. तुकडे चार झाले, पण पाव भाग एकालाही मिळाला नाही. पाव म्हणायचं तर चारही सारखे लागतात. आता सुरमई ठेव बाजूला. ही तांदळाची भाकरी घे. हिचे करून दाखव."

अक्षया आठ वर्षांची राहायची विसरली. "छान होतं मॅम. म्हणजे... छानच. फक्त फिश नको. काही पेरेंट्स व्हेज असतात. आम्ही पिझ्झा वापरतो."

"पिझ्झा दुकानदार आधीच सारखा कापून देतो," ज्ञानेश्वरी म्हणाली. "मुलाला भांडायला काय उरलं? भांडल्याशिवाय वाटणी कळत नाही."

सर्वेशने पहिल्यांदा मान वर केली. नेमक्या त्याच वेळी बाहेरून गर्जना आली.

"ओरडू नको रे भाड्या! आत परीक्षा चाललीय, कळत नाय?"

कुल्फीवाला बिचारा घंटा हातात धरून गपचूप चालला होता, हे मी खिडकीतून बघितलं.

"मॅम, हे काय होतं?" अक्षयाने विचारलं.

"माझ्या सासूबाई. शांतता ठेवतायत."

सर्वेश हसला. अक्षया म्हणाली, दुसरी फेरी सर्वेश सर घेतील, वेळ कळवू. लॅपटॉप मिटला.

"चालेल?" मी बाहेर येऊन म्हटलं. "काय चालेल? महिनाभर मी वर्तुळं काढली ती कशाला? सकाळी सहाला नळाला पाणी येतं. नेत्राची शाळा सातची. ठमाबाई त्या वेळी जेटीवर. घर कोण बघणार, सर्वेश? विचार करून सांगते एवढं म्हणायला तोंडाला काय झालं होतं?"

ती खरंच गोंधळली होती. खुर्चीच्या कडेला टेकली. मग म्हणाली, "काकू, भवानी होती."

मासे, भाजी विकणाऱ्यांत दिवसाच्या पहिल्या विक्रीला भवानी म्हणतात, हे शहरातल्या वाचणाऱ्यांसाठी सांगते. भवानीचं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. भाव पडला तरी चालेल, पण काहीतरी द्यायचं, आलेला पैसा कपाळाला लावायचा, मग पाटीला. ते गिऱ्हाईक परत गेलं तर दिवस फुकट गेला असं समजतात. ठमाबाईने एकदा एका दारुड्याला काय मागेल त्या भावात बांगड्यांचा वाटा दिला होता, कारण पहाटे पहिला तोच आला. ही सून त्याच रीतीत वाढलेली.

"माझ्या आयुष्यातला पहिला इंटरव्ह्यू, काकू. शाळेत कुठे झाला होता? ये म्हणाले, गेले. आज पहिल्यांदा कोणी समोर बसून मागितलं, आणि मला कळायच्या आत तोंडातून हो गेलं."

"तू गणित शिकवतेस की बांगडे विकतेस?"

"बांगडे इकले तर काय वाईट गो वयनी?" ठमाबाई दारात उभी होती. "तू खातेस ते काय झाडाला लागतात?"

मग आमची जुंपली. माझं म्हणणं, आत्ताच्या आत्ता त्यांना लिहून कळव की दहावीशिवाय दुसरं काही नको. ठमाबाईचं म्हणणं उलट. "दिलेली भवानी फिरवतात काय? शब्द दिलान तो दिलान. सकाळी सहा तर सहा. पाणी मी भरीन."

"तुझ्या गुडघ्यांनी?"

"माज्या गुडघ्यांचं तू नको बघू. तुजी कंबर बघ."

ठमाबाईच पुढे म्हणाली, "जागा भरल्या म्हणाली ना ती? मग दहावी मागून हिला मिळणार काय?"

हे मात्र ठमाबाई बरोबर बोलली होती, म्हणून मला जास्तच राग आला. दहावी मागितली तर नोकरी गेली आणि नालासोपारा. सहा ते दहा कबूल केलं तर आठवड्याचे सहा दिवस घर वाऱ्यावर, आणि महिन्याभरात ही आजारी पडून मग नालासोपाराच. आम्ही दोघी तिच्या डोक्यावरून भांडत होतो. ज्ञानेश्वरीने माझे सोललेले वाल बघितले, सालं भरून घेतली आणि उठली.

"तुमचं झालं की सांगा. मी भात टाकते जाऊन."

दुसरी फेरी दोन दिवसांनी झाली. मी या वेळी शेंगांचं सोंग केलं नाही, दारात स्टूल टाकून सरळ बसले. ठमाबाई पायरीवर. कुल्फीवाला त्या दिवशी दुसऱ्या रस्त्याने गेला.

सर्वेश एकटाच होता. मोकळा होऊन बोलला, सुरमईचं कौतुक केलंन. मग कामाचं आलं. "तर मॅडम, सकाळी सहा ते दहा, सहा दिवस. ठरलंच आहे तसं."

"नाही ठरलं, सर."

माझं स्टूल करकरलं.

"तुम्ही हो म्हणाला होतात. रेकॉर्डिंग आहे आमच्याकडे."

"म्हणाले होते. त्यातून मागे जात नाही. पण तुम्हाला एक सांगते. आमच्याकडे दिवसाच्या पहिल्या गिऱ्हाइकाला परत पाठवत नाहीत. तुम्ही माझे पहिले. म्हणून हो म्हणाले. पण पहिल्या गिऱ्हाइकाला एक वाटा देतात, सर. अख्खी पाटी नाही ओतत."

"म्हणजे?"

"म्हणजे सकाळचा एक वर्ग मी घेते. तुम्ही द्याल तो, तिसरीचा तर तिसरीचा. तास उत्तम घेईन. बाकीचे वर्ग दुपारी बारानंतर असतील तर घेईन. सकाळी माझ्या घरात पाणी भरायचं असतं."

मी डोळे मिटून घेतले. अमेरिकेतल्या मुलांसाठी माणसं शोधणाऱ्या कंपनीला ही नळाच्या पाण्याचं सांगत होती.

"असं आमच्या सिस्टिममध्ये बसत नाही, मॅडम."

"बसवून बघा."

"विचारून कळवतो," सर्वेश म्हणाला आणि गेला.

ठमाबाई आत आली. माझं आणि तिचं, दोघींचंही ऐकलं नव्हतं ज्ञानेश्वरीने. माझ्यापुरतं सांगायचं तर बोलायला तोंड उघडलं होतं, पण ज्ञानेश्वरीचे हात टेबलावर इतके घट्ट धरलेले होते की मी पाणी आणून दिलं.

"गेली बहुतेक," ती म्हणाली.

"गेली तर गेली," मी म्हटलं. एवढं खोटं मी सहसा बोलत नाही.

मे महिना अर्धा संपला तरी कंपनीचं काही नाही. ती रोज मोबाईल बघायची आणि न बघितल्यासारखं करायची. नेत्राच्या शाळेचा दाखला काढायचा का, असं विचारायला रितेशचे फोन यायचे. ठमाबाई आमच्याशीच काय, गिऱ्हाइकांशीही नीट बोलेना. मग एके दिवशी मेल आला. एक वर्ग देतो. तिसरीची सहा मुलं, सकाळी सहा वाजता, आठवड्यातून चार दिवस. महिनाभर बघू, मग पुढचं.

ती नाचत आली आणि मी तिला जमिनीवर आणलं. "एक वर्ग म्हणजे पुऱ्या पगाराची नोकरी नव्हे. रितेशला काय सांगणार?"

"एक वर्ग मिळाला म्हणून सांगणार."

रितेश आला तो न्यायच्या तयारीनेच आला. मोठ्या बॅगा घेऊन. संध्याकाळी माझ्याकडे आला, पाया पडला, चहा घेतला. सरळ मुलगा आहे. म्हणाला, "काकू, तुम्ही शिकलेल्या आहात. तुम्हीच सांगा, एका वर्गावर घर चालतं काय?"

"नाही चालत," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? "पण तू उद्या सकाळी सहाला तिचा तास बघ. मग काय ते ठरव."

एक सांगायला हवं. मी आणि ज्ञानेश्वरीने मिळून पाण्याची सोय आधीच लावली होती: तासाच्या चार दिवशी तिचा नळ माझ्या ताब्यात. मी तशीही पहाटे जागीच असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी तिच्या अंगणात पिंपाशी उभी होते आणि रितेश पायरीवर बसून सगळं बघत होता.

आत पडद्यावर सहा पोरं. कोणाच्या मागे फ्रीज, कोणाच्या मागे कुत्रा. ज्ञानेश्वरी भाकरी घेऊन बसली होती, खरी भाकरी. एक पोरगा म्हणत होता, "टीचर, माझी बहीण नेहमी मोठा हाफ घेते." ज्ञानेश्वरी म्हणाली, "मोठा अर्धा असतो का रे?" यावर सहाही जणांत जी मारामारी सुरू झाली, ती बघण्यासारखी होती. दोघांना वाटत होतं असतो. एक रडकुंडीला आली होती.

रितेश ऐकत होता, पण खरं सांगायचं तर त्याने तासाकडे फार लक्ष दिलं नाही. तो आपल्या आईकडे बघत होता. ठमाबाई पाटी घेऊन जेटीवर निघाली होती. गल्लीच्या तोंडाशी तिला दोन मासेवाल्या भेटल्या. ती त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी म्हणाली. कुजबुजली! मग तिघी पदर तोंडाला लावून, चपला हातात घेऊन आमच्या दारावरून गेल्या.

"काकू," रितेश हळूच म्हणाला, "आमच्या आईला मी जन्मात पहिल्यांदा हळू बोलताना बघितलं."

"मग?"

"हिच्यासाठी एवढं करते ती. बाबा दुपारी झोपायचे, तेव्हासुद्धा कधी आवाज उतरला नाही आईचा." मग दारातून आत बघत म्हणाला, "आणि मी हिला नालासोपाऱ्याला नेऊन काय करणार? नाक्यावरच्या क्लासात घालणार."

"ते तू मला सांगू नकोस, तिला सांग."

त्याने सांगितलंन. गणपतीपर्यंत बघू, असं म्हणाला. पुरुष माणूस, एकदम हरलो कसं म्हणेल? मोठ्या बॅगांतल्या एकीत फणसपोळीचे नि कोकमांचे पुडे भरून परत गेला.

महिना झाला, कंपनीने वर्ग पुढे चालू ठेवला. मग दुपारचे दोन दिले, आखाती देशांतल्या मुलांचे. गणपतीपर्यंत तिची पाटी भरली आणि पुऱ्या पगाराचं पत्र आलं. सुरमई तिने सोडली नाही. एका शाकाहारी घरातल्या आईची तक्रारही आली: मुलगी सुरमई म्हणजे काय विचारते, काय सांगायचं? त्यानंतर त्याच बाईने दुसऱ्या मुलाचं नाव हिच्याच वर्गात घातलंन. वर्गातली पोरं हिला सुरमई टीचर म्हणतात आणि कंपनीला ते मुळीच आवडत नाही.

गेल्या वर्षी दहावीची जागा रिकामी झाली, तिला विचारलं. तिने नको म्हणून सांगितलं. "लहान पोरं बरी, काकू. भांडतात तरी." महिनाभर मी काढलेली वर्तुळं वाया गेली ती गेलीच. याबद्दल मी अजून तिच्यावर रागावलेली आहे आणि तसं तिला अधूनमधून सांगते.

बाकी बरं चाललंय. सकाळी तिच्या अंगणात पिंप भरायचं, आतून पोरांचा कलकलाट ऐकायचा, ठमाबाई जाता जाता माझ्या हातात बोंबील ठेवून खुणेने "मगे बोलू" म्हणते. या वयात सकाळी उठून कोणाला तरी आपली गरज असावी याहून जास्त मला काही लागत नाही. समुद्राचा वारा असतो, पाण्याला जोर असतो. नेत्रा आता आठवीत गेली, आणि तिला गणित आवडत नाही, हे एक चांगलं झालं. त्या घरात निदान एक माणूस तरी मला चित्रकला दाखवायला येतं.

आता पुन्हा तुझ्याशी, ज्ञानेश्वरी.

त्या मे महिन्यात तुम्ही जाणारच असं धरून रितेशने जड सामान आधीच टेम्पोने मागवून घेतलं होतं. त्यात ठमाबाईचा पाटा-वरवंटा होता, तिच्या सासूपासूनचा. तुमचं जाणं रद्द झालं, बाकीचं सामान हळूहळू परत आलं, पाटा नाही आला. तू मला म्हणालीस, काकू, तुमचा भाचा सुजय बोरिवलीहून गाडीने येतो ना, त्याला सांगाल का? मी म्हटलं, सांगते की, त्यात काय.

पहिल्यांदा तो आला तेव्हा सांगायला विसरले. दुसऱ्यांदा सांगितलं, तर म्हणाला डिकीत जागा नाही, आणि दगड घेऊन एवढा प्रवास कोण करतं, आत्या? त्यावर आमचं वाजलं. तिसऱ्यांदा तो गाडी न आणता रेल्वेनेच आला, मला वाटतं मुद्दाम. तूही मला पुन्हा विचारलं नाहीस, कारण तू कोणालाच पुन्हा विचारत नाहीस. ठमाबाई मिक्सरमधलं वाटण खाते आणि रोज म्हणते, माशाला चव नाही.

परवा रितेशचा फोन आला होता. मी सहज विचारलं, पाटा कुठे ठेवलास रे? म्हणाला, दाराबाहेर आहे, त्याच्यावर बसून मी बूट घालतो.

हे तुझ्या सासूला सांगू नकोस. सुजय मे महिन्यात येईल, तेव्हा बघू.

तुझी,
सावित्रीकाकू